साडेसदतीस

मालवणहून निघालेली बस सकाळी अंधेरीच्या उड्डाणपुलाजवळ थांबली आणि दोन रिकाम्या टाक्या घेऊन मी हायवेच्या कडेला उतरले. पर्यटकांना समुद्राखाली नेताना आपण पाठीवर बांधतो त्याच या टाक्या. पण रिक्षावाल्याला ते कसं कळणार?

"मॅडम, गॅसचा सिलिंडर नाय चालणार."

"स्वयंपाकाचा नाही हो. पाण्याखाली श्वास घ्यायला लागतो."

"मग तर अजिबात नको!"

तिसऱ्या रिक्षावाल्याने घेतलं. टाक्या ठेवायला त्याने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि एमआयडीसीपर्यंत मासे किती खोल असतात हे विचारत राहिला.

छापखाना आणि पुठ्ठ्याचं गोदाम यांच्यामध्ये एक गाळा (कारखान्याची जागा). आत कांबळे मॅडम, पन्नाशीच्या, निळा एप्रन, आवाज खणखणीत. मूळच्या लातूरकडच्या. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो डायव्हिंगवाल्यांचा कॉम्प्रेसर (हवा भरायचं यंत्र) दुरुस्त करायला गेल्या तेव्हा. त्यांच्याकडे मला दोन दिवसांत नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा, मिसळायला आणि मोजायला शिकायचं होतं. या हवेवर पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं. मात्र ऑक्सिजन प्रमाणाबाहेर गेला तर खोल पाण्यात झटके येतात, तोंडातली नळी सुटते आणि माणूस जागीच बुडतो.

टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन अगदी हळू सोडायचा, मग वरून गाळलेली हवा. मला बत्तीस टक्के हवे होते, भरले साडेएकोणतीस.

"घाई केलीस," मॅडम म्हणाल्या. "गरम टाकीचा दाबाचा काटा वर दाखवतो गं. थंड झाली की कळतं, ऑक्सिजन कमी पडलाय. पुन्हा कर."

दुपारी त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माझी सुकटीची चटणी एकाच ताटलीत आली. संध्याकाळपर्यंत माझा आकडा बत्तीसवर आला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. गिऱ्हाइकाची भरलेली टाकी मी मोजायची आणि चिकटपट्टीवर टक्के, किती खोल जायचं ती मर्यादा, तारीख लिहून सही करायची. टाकी पवईच्या निखिल नावाच्या इंजिनिअरची होती. गाडी बाहेर उभी होती, त्याला गोव्याला निघायचं होतं.

"बत्तीसच आहे, सही करा ना," तो म्हणाला. "उद्या तेहतीस मीटरवर बुडी आहे."

ऑक्सिजन मोजायचा मीटर मोकळ्या हवेत धरला. वीस पूर्णांक नऊ टक्के, साध्या हवेत असतो तेवढाच, बरोबर. टाकीला लावला. साडेसदतीस!

मला वाटलं, माझंच चुकलं. दारात जाऊन मीटर पुन्हा लावला, पुन्हा मोजलं. साडेसदतीसच.

"सेन्सर म्हातारा झालाय," मॅडम म्हणाल्या. "काल मी स्वतः भरलीय ती."

ज्यांच्या हातात माझा निकाल, त्यांनीच भरलेली टाकी. माझे कान तापले आणि तोंडून आपली मालवणी बाहेर पडली. "मी सही करूचंय नाय (करणार नाही)." मग सावरून म्हटलं, "दुसरा मीटर द्या, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि कपाटातला नवा मीटर काढून दिला. तोच आकडा आला.

मॅडम निखिलकडे वळल्या. "टाकी आणलीस तेव्हा अर्धी भरलेली होती. आत साधी हवाच होती ना?"

"हो, असणार. मित्राने वापरून तशीच परत दिली होती."

"त्याला फोन लाव."

स्पीकरवर मित्राचा आवाज आला, "अरे, हवा कसली? नायट्रॉक्स होतं ना, बत्तीस!"

आधीच ऑक्सिजन जास्त, त्यात आणखी ऑक्सिजन. या टाकीची मर्यादा आता सत्तावीस मीटर होती आणि निखिल तेहतीसवर जाणार होता. तो स्टुलावर बसला.

"वाट लागली असती," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी. आत काय आहे ते न मोजता भरली. सुनंदा, टाकी रिकामी कर. आता तू भर."

मी भरली, सावकाश. ती थंड होईपर्यंत तिघांनी कटिंग चहा प्यायला. मग मीटर निखिलच्याच हातात दिला.

"बत्तीस पूर्णांक एक," त्याने मोठ्याने वाचलं.

"झकास! पास!" मॅडमनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की शेजारच्या छापखान्यातला माणूस डोकावला. मी चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत सही केली. समुद्रात इतकी वर्षं काढली, पण एवढा ताठ कणा कधी झाला नव्हता.

निखिलने मला आणि माझ्या टाक्यांना मालवणच्या फाट्यावरच्या कसालपर्यंत गाडीतून आणलं. मी उतरताना त्याने वाकून नमस्कार केला. मी ओशाळले.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो आला. ओले केस, बोटीचा कठडा, तोंडभर हसू. खाली लिहिलं होतं, "स्वतः मोजून उतरलो."

आजवर मी भरून देणाऱ्याचा चेहरा बघून टाकी पाठीवर घेत आले. चेहरे प्रेमळच होते, मॅडमचाही होता. पण टाकीत काय आहे ते चेहऱ्यावरून कळत नाही. फोटो घरात सगळ्यांना दाखवला, खोलीतल्या भरलेल्या टाक्या एकेक करून अंगणात आणवल्या आणि अंधेरीहून विकत आणलेला ऑक्सिजनचा मीटर पहिल्या टाकीला लावला.