साठचा बल्ब

बल्बचा उजेड न बघता त्याची ऊब बघणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मानपाड्याला माझं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. हा गृहस्थ जवळच्याच कुठल्यातरी कंपनीत असावा; अंगात खाकी युनिफॉर्म, नखांत ग्रीस. साठचा बल्ब मागायचा. मी लावून दाखवला की डोळे मिटून त्याच्याजवळ तळहात धरायचा आणि बऱ्याच वेळाने म्हणायचा, "हां, हा बरा." मला वाटायचं, हा जरा सरकलेला दिसतोय.

एका शुक्रवारी लाइट गेलेली. आमच्याकडे शुक्रवारी जायचीच. हा धापा टाकत आला. "कधी येईल ओ?" शर्टाच्या आत, पोटाशी त्याने काहीतरी धरलेलं. एक बटण सोडून त्याने दाखवलं, आणि मी स्टुलावरून उठलोच. वीतभर लांब, मातकट सरडा. गळ्याखाली काट्यांची दाढी.

"परदेशातून मशीन आलं, त्याच्या खोक्यात निघाला. लोक मारायलाच उठलेले."

"पण हा आहे काय?"

"काय माहीत! त्याला थंडी वाजते, एवढंच कळलंय."

होळीनंतर तो एक न वापरलेला बल्ब परत घेऊन आला.

"खराब निघाला का?" मी विचारलं.

"नाही ओ, बल्ब चांगलाय."

उन्हाळा लागलेला, म्हणून नको असेल. मी अजून स्वतःला हेच सांगतो. पण काउंटरवर बल्ब ठेवल्यावर त्या थंड काचेवरून त्याचा तळहात निघता निघत नव्हता.