म्हशीसारखं भादरलेलं कुत्रं

माझ्या थोरल्या जावेचं कुत्रं पांढरं होतं आणि माझं काळं. एवढ्या एका गोष्टीपायी मी अख्खा उन्हाळा जळत काढला. कुत्रं उन्हानं तापायचं आणि मी जावेनं. आज नातवंडांना सांगते तर ती पोट धरून हसतात. हसू देत. मीही हसते, त्यांच्यापेक्षा जरा कमी.

सत्तर सालाच्या मागंपुढंची गोष्ट. कोल्हापुरात पेठेतलं आमचं घर. दोघा भावांचे संसार वेगळे, मधे एक भिंत, पण अंगण एकच. थोरले दीर गुळाच्या अडतीवर दिवाणजी, आमचे हे शाळामास्तर, आणि मागच्या गोठ्यात सासऱ्यांच्या चार म्हशी. जाऊबाई जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याची लेक, केतकीसारखी गोरी. मी मलकापूरकडची. आमच्याकडं पाऊस भरपूर, आणि माझा रंगही त्याच ढगांतून गाळून आणलेला. ती लग्न होऊन आली तेव्हा गल्लीतल्या बायका दोन दिवस बघायला येत होत्या म्हणे. मलाही बघायला आल्या. बघून झाल्यावर एक म्हातारी सासूबाईंना म्हणाली, "हाडापेरानं दणकट हाय. कामाला बरी."

झालं माझं कौतुक.

त्या वर्षी गोठ्यातल्या वैरणीआड एक भटकी कुत्री व्याली. तिची दोन पिल्लं जगली. एक पांढरं, एक काळं. सासूबाई म्हणाल्या, दोघी एकेक घ्या, राखणीला होतील. थोरलीचा मान आधी, म्हणून जाऊबाईनं आधी उचललं. कुठलं उचललं ते सांगायला नको. उरलेलं माझ्या पदरात आलं आणि ती वर म्हणाली, "तुला शोभतंय बघ."

ती कौतुकानंही म्हणाली असेल. मी मात्र ते वाक्य वर्षभर जपून ठेवलं.

पुढच्या चैत्रापर्यंत पिल्लांची चांगली कुत्री झाली आणि अंगणात वाळवणं पडायला लागली. सासूबाईंचा कायदा असा की जिनं वाळत घातलं तिनंच राखायचं. अंगणाच्या एका कडेला थोरलीची बाज, दुसऱ्या कडेला माझी. बाजेवर धुतलेलं जुनं धोतर, त्यावर कुरडया, सांडगे. कावळे तर होतेच, शिवाय पलीकडच्या बोळातली एक शेळी होती. ती शेळी अशी की फाटकाची कडी उघडायची आणि परत जाताना मागं वळूनही बघायची नाही. आम्ही दोघी सकाळभर स्वयंपाकात, म्हणून राखणीला कुत्री. ती बांधायची मात्र नाहीत. सासूबाई म्हणायच्या, "बांधून बसवलं तर ती राखण कसली? मग खुंटीच राखंल की."

आता काय व्हायचं ते ऐका. नऊ वाजता ऊन अंगणात उतरायचं. थोरलीचं पांढरं तिच्या बाजेच्या पायाशी बसलेलं असायचं ते एक वाजेपर्यंत तिथंच. माझं काळं साडेनऊला जीभ बाहेर काढून उठायचं, इकडं तिकडं बघायचं आणि थेट गोठ्यात, म्हशींच्या हौदाखालच्या ओल्यात पोट टेकून आडवं. मग शेळी यायची. तिलाही कळलेलं, कुठल्या बाजेकडं जायचं ते.

"थोरलीचं कुत्रं बघ," सासूबाई सुरू व्हायच्या, "तपाला बसल्यागत बसलंय. आणि तुझं? घरजावई हाय नुसतं."

सासऱ्यांना माझी दया आली. एके दिवशी त्यांनी दोन्ही कुत्र्यांना उन्हात धरलं, मला बोलावलं आणि म्हणाले, "ह्या काळ्याच्या पाठीवर हात ठेव." ठेवला. भाकरी टाकायच्या आधीचा तवा. "आता पांढऱ्याच्या." कोमट, नुकत्याच काढलेल्या दुधासारखी. "कळलं? काळा रंग ऊन पितोय. त्यो काय मुद्दाम पळत न्हाय, पोरी. त्याला सोसत न्हाय."

तेवढ्यात जाऊबाई दारात आली आणि हसत म्हणाली, "रंगाचंच असतंय मामा सगळं."

ती कुत्र्याबद्दलच बोलली असेल. पन्नास वर्षांनी मी तिला तेवढी सूट देते. त्या दिवशी दिली नाही. त्या दिवशी भाकरी अशी थापली की परातीला पोचा आला.

मला एकच गोष्ट हवी होती. सासूबाईंनी एकदा, चार माणसांदेखत, त्याच अंगणात म्हणावं की धाकटीचं कुत्रं चांगलं आहे. अक्षय तृतीयेला बिद्रीहून नणंद आणि तिची सासू यायच्या होत्या. त्यांच्या देखत झालं तर सोन्याहून पिवळं.

आधी मी काळ्याच्या पाठीवर ओलं पोतं बांधून बघितलं. तो पोत्यासकट गोठ्यात गेला. मग एका सकाळी म्हशी भादरणारा आला. उन्हाळ्यात म्हशींचे केस वस्तऱ्यानं उतरवून अंगाला तेल चोळायची आमच्याकडं पद्धत आहे, म्हैस गार राहते आणि चकाकते. चौथी म्हैस भादरून होईपर्यंत मी गोठ्याच्या दाराशी उभी होते आणि माझ्या डोक्यात तेवढ्या वेळात जो उजेड पडला तसा पुन्हा कधी पडला नाही, देवाची कृपा.

"आता हे भादरा," मी म्हटलं.

त्यानं माझ्या मागं बघितलं. "रेडकू कुठं हाय?"

"रेडकू न्हाय. हे."

"कुत्रं? वैनी, बरं हाय न्हवं तुमचं?"

"म्हशीला गार वाटावं म्हणूनच भादरता न्हवं? मग हे बी काळंच हाय की."

"आवो, म्हस भादरली की डबऱ्यात जाऊन बसती. अंगभर चिखल थापून घेती. हे कुठं बसणार?"

"ते मी बघते. तुम्ही वस्तरा लावा."

"लावतो. पर उद्या कुणी इचारलं तर माझं नाव सांगू नगा," तो म्हणाला. म्हणून अजूनही सांगत नाही.

केस उतरले आणि मी बघतच राहिले. माझा काळा आतून काळा नव्हताच. राखाडी कातडी आणि पोटाकडं, काखेत, मानेखाली चक्क गुलाबी! मला इतका आनंद झाला की काय सांगू. वरून आणलेला रंग वेगळा, आतला वेगळा. मी त्याला म्हशीसारखंच खोबरेल चोळलं. चकाकायला लागला. उंदरासारखा दिसत होता, पण चकाकत होता.

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. नणंदेला द्यायच्या कुरडया माझ्या बाजेवर. आणि इथं मी दुसरी अक्कल चालवली. हा पुन्हा उठला तर? सासूबाईंनी आम्हा दोघींना परकराला म्हणून एकाच गुंडाळीतला लाल नाडा कापून दिला होता. त्याचा एक तुकडा मी काळ्याच्या गळ्यात घातला, दुसरं टोक बाजेच्या पायाला बांधलं आणि वरून धोतर जरा लांब सोडलं. कुणाला दिसणार नाही असं.

पाहुण्या दहाला आल्या. तास गेला. काळा जागचा हलला नाही. बारीक कण्हत होता, ते मला ऐकू येत होतं. खोटं कशाला बोलू, येत होतं. मी पाण्याची वाटी पुढं सरकवली आणि आत गेले. आणि मग ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला: "धाकटीचं कुत्रं बी चांगलं बसाय लागलंय हं आता."

चुलीपुढं उभी राहून मी ते वाक्य गिळलं. किती गोड लागलं म्हणता!

नणंदेची सासू म्हणाली, "ते कुत्रं हाय व्हय? मला वाटलं म्हशीनं टाकलेलं रेडकू."

तेवढ्यात शेळी आली. काळ्यानं जन्मात पहिल्यांदा खरी राखण केली. भुंकत झेप घेतली, नाडा ताणला, बाजेचा तो पाय आधीच डुगडुगता होता, तो निखळला. बाज तिरकी झाली आणि बिद्रीच्या कुरडया अंगणभर. काळा बाजेचा पाय ओढत अंगणातून पळाला, त्याच्या मागं लाल नाडा, आणि सगळ्यांच्या देखत शेळी जेवायला बसली.

सासूबाईंनी नाड्याकडं बघितलं, मग माझ्या परकराकडं. तेवढं पुरे होतं.

काळा सापडेना. गोठ्यात नाही, हौदाखाली नाही. उन्हं कलली तरी नाही. आमचे हे रंकाळ्यापर्यंत सायकल मारून आले. माझ्या कानांत ते कण्हणं सारखं घुमायला लागलं. शेवटी एकच जागा बघायची राहिली होती, आणि तिथं मी आपण होऊन गेले नसते. जाऊबाईच्या घरात.

तिच्या मोरीच्या ओल्या फरशीवर दोन्ही कुत्री शेजारी शेजारी पडलेली. काळ्याच्या पाठीवर कातडी लालभडक, वस्तऱ्याच्या खुणांवर बारीक फोड. आणि जाऊबाई हातात लोण्याची वाटी घेऊन बसलेली. लोणी ती काळ्याला लावत नव्हती, पांढऱ्याला लावत होती. त्याच्या कानांची टोकं सोलवटून निघाली होती. नाकाचा शेंडा गुलाबी, त्यावर खपली. आणि गळ्यात, पांढऱ्या केसांत खोल रुतलेला, लाल नाडा.

मी नाड्याकडं बघत राहिले. तिनं तो झाकायचा प्रयत्नही केला नाही.

"अक्का, हे कवापासनं?"

"पहिल्या दिसापासनं," ती म्हणाली. "ऊन पाठीला लागत न्हाय त्याच्या. कानाला लागतंय, नाकाला लागतंय. पांढऱ्याची कातडी लई नाजूक. रोज रात्री लोणी लावते."

"मग बांधलंस कशाला?"

"तुझ्या कुरडया बघून आत्याबाई काय म्हणत्यात ते ऐकलंयस का कधी? 'धाकटीचा हात बघा, जाईची फुलं पाडल्यात.' सा वर्सं झाली मला ह्या घरात. माझी एक कुरडई वाखाणली न्हाय कुणी. कुत्रं तेवढं वाखाणलं. मग काय करू?"

मी हे कधी ऐकलं नव्हतं. माझे कान दुसरीकडं होते. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तिची दया यायला हवी होती, ती आली नाही. आधी आला तो आनंद. ती, गोरीपान, जयसिंगपूरची, माझ्यावर जळत होती! मग काळ्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि तो आनंद पटकन ओसरला.

"आण इकडं," म्हणून मी वाटीत बोटं घातली आणि त्याच्या पाठीकडं हात नेला. तो गुरगुरला. माझ्यावर. मग अंग ओढत सरकला आणि तिच्या मांडीशी जाऊन टेकला.

"तूच लाव," मी म्हटलं. तिनं लावलं. त्यानं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोन बाजा एकत्र लावल्या, वर चार काठ्यांना जुनं लुगडं बांधलं आणि त्याच्या सावलीत दोघी काठी घेऊन आळीपाळीनं बसलो. कुत्री मोरीत. शेळीला हे आवडलं नाही. सासूबाई काय म्हणाल्या ते लिहीत नाही, त्यांच्या माघारी कशाला.

गणपतीपर्यंत काळ्याचे केस पुन्हा आले, पूर्वीपेक्षा दाट. भाकरी तो माझ्या हातची खायचा, शेपूटही हलवायचा. पण निजायला भिंतीपलीकडं, जाऊबाईच्या उंबऱ्यावर. पुढची नऊ वर्षं, रोज. ती म्हणायची, "अगं, घिऊन जा की तुझं तू." मी हाक मारायची. तो एक डोळा उघडून बघायचा आणि परत मिटायचा.

आता जाऊबाई ऐंशीच्या पुढं गेली. परवा भेटायला गेले होते तर काळ्याची आठवण काढून म्हणाली, "लई माया होती त्याची माझ्यावर."

बाई गं. घरी आले आणि भाकरी थापायला घेतली. परातीचा आवाज ऐकून सून आतून पळत आली.