तुळिंजमध्ये गाडीने गुडघे टेकले

आमच्या केतकीचं लग्न ठरायच्या दिवशीच आमच्या गाडीचं पुढचं चाक मोडलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी बरेच दिवस समजत होतो.

गाडी वडिलांची. पांढरी, गोल दिव्यांची, पुढे बाकासारखी सलग सीट आणि गिअरचा दांडा थेट स्टीअरिंगला. वडिलांच्या माघारी मी तिला नवा रंग दिला, सीटकव्हरं शिवून घेतली, बंपर इतका घासला की त्यात बघून दाढी करावी. खाली वाकून मात्र कधी पाहिलं नाही. (वाकलं की माझी कंबर धरते.) पुढच्या डाव्या चाकातून काही दिवस 'कुंई-कुंई' असा आवाज येत होता, एवढंच.

"अहो, चाक फेंगडं चालतंय," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"ती तिची चाल आहे."

"आणि आवाज?"

"जुन्या गाड्या बोलतात!"

"मग ऐका ना, ती काय म्हणतेय ते!"

केतकीने आणि सुजयने आपलं आपण जमवलं होतं. सुजयच्या आईवडिलांचं म्हणणं मात्र 'बघू, घाई काय, पुढच्या वर्षी' असं. त्या रविवारी ते साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे उमेळ्याला जेवायला यायचे होते आणि तुळिंजला आपल्या भाच्याकडे उतरले होते. केतकीने मला बजावून सांगितलं, "बाबा, त्यांना रिक्षाने आणा. प्लीज!" आता होणाऱ्या व्याह्यांना रिक्षाने आणायचं, तर मी गाडी कोणासाठी घासत होतो?

देशमाने सर, म्हणजे सुजयचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. अंगाने भरभक्कम. त्यांना मी मानाने पुढे, माझ्या डाव्या हाताला बसवलं. गाडी डावीकडे जराशी झुकली. विहीणबाई मागे बसल्या, मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा धरून.

"आवाज कसला येतोय हो?" सरांनी विचारलं.

"जुनं पोलाद आहे ना! आताच्या गाड्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे. हिचं सस्पेन्शन बघा सर, खड्डा कुठे आला आणि कुठे गेला, कळतसुद्धा—"

इथे गतिरोधक आला.

'खट्' असा एकच आवाज झाला आणि गाडी डाव्या कोपऱ्यावर खाली बसली. चाक ज्याच्यावर वळतं तो लिंबाएवढा गोळा, ज्याला बॉल जॉइंट म्हणतात, आपल्या वाटीतून निसटला होता. चाक आडवं होऊन मडगार्डखाली दुमडलं होतं. बसलेल्या म्हशीचा पाय असतो तसं! सुदैवाने वेग बैलगाडीचा होता. कोणाला खरचटलंही नाही. पेढेसुद्धा शाबूत.

"कळलं," सर शांतपणे म्हणाले.

मडगार्ड दबून त्यांचं दार अडकलं होतं. मी उतरलो आणि सर सीटवरून सरकत सरकत माझ्या बाजूने निघाले. अर्ध्यात त्यांचं पोट स्टीअरिंगला भिडलं आणि हॉर्न वाजू लागला. सर बाहेर आले. हॉर्न थांबेना! रविवारच्या बाजारात अख्खं तुळिंज आमच्याकडे बघू लागलं. मागे रिक्षांची रांग लागली. शेवटी मी बॅटरीची वायर उपटली.

"काका, पंक्चर आहे काय?" एका रिक्षावाल्याने विचारलं.

"नाही, सस्पेन्शन गेलंय."

"म्हणजे स्टेपनी नाय?"

कडेला भाजी विकणाऱ्या एका मावशींनी विहीणबाईंसाठी रिकामा क्रेट उलटा घातला. "बाय, इकरं बस. पानी पी. गारी बसली, आता तू पन बस."

विहीणबाई बसल्या. मी मात्र गर्दीला बॉल जॉइंट समजावून सांगत होतो. तेवढ्यात सरांमधला मुख्याध्यापक जागा झाला.

"अहो, भाषण पुरे! ए निळा शर्ट, इकडे ये. तुम्ही दोघं मागे. उंच मुलं पुढे! राऊतसाहेब, तुम्ही ते चाक सरळ धरा."

"एक, दोन, तीन!" सरांनीच मोजलं.

दहा-बारा जणांनी गाडी अलगद उचलून कडेला ठेवली. चाक धरायला मी जमिनीवर फतकल मारली होती. गाडी गेली, मी रस्त्यातच राहिलो, ग्रीसचा सगळा साठा झब्ब्यावर घेऊन.

फोन वाजला. सुनंदा.

"निघालात का?"

"निघालो ना."

"मग पोचलात कुठे?"

विहीणबाईंनी हात पुढे केला आणि फोन घेतला. "नमस्कार. आम्ही भाजीवालीशेजारी बसलोय. छान मेथी आहे, आणू का?"

पाहुण्यांना रिक्षात बसवून मी क्रेनची वाट बघितली. क्रेनने गाडीचं नाक उचललं, मला ड्रायव्हरशेजारी बसवलं, आणि आम्ही वाजतगाजत उमेळ्याला पोचलो. तोवर पाहुण्यांचं औक्षण, सरबत, वाडी बघणं, सगळं उरकलं होतं. मला बघून सर हसले नाहीत. केतकीही हसली नाही, पण त्याचं कारण वेगळं होतं. अंघोळ करून मी पानावर बसलो, तेव्हा वाटलं, आता पुढचं वर्षसुद्धा गेलं.

जेवण झालं. सर आणि विहीणबाई अंगणात जाऊन काहीतरी कुजबुजले आणि परत आले.

"राऊतसाहेब," सर म्हणाले, "पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं नाही असं आम्ही ठरवलंय. जवळची तारीख काढा."

केतकीने सुनंदाला मिठी मारली. मी झब्बा विसरलो, चाक विसरलो. माझ्या साधेपणाने पाहुणे जिंकले, असं मी मांडवात भेटेल त्याला सांगत होतो.

परवा जावईबापू जेवायला आले होते. मी तीच फुशारकी पुन्हा मारली. सुजयला ठसका लागला.

"बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"बोला की!"

"अंगणात आई म्हणाली होती, पोरगी गुणाची आहे हो, तिला लवकरात लवकर या माणसाच्या गाडीतून उतरवून घेऊ!"