खरातकाकांच्या तीन टिका

"मॅडम, हा बोर्ड बराबर आहे का, एकदा चेक करून द्या," कांतिलालजी म्हणाले. "मला वाटून राह्यलंय, कुणीतरी चूपचाप विकून मोकळं झालंय."

राजूरला कांतिलालजींचं कापडाचं दुकान आहे. दुकानाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी नऊ जण जमतात. शेअर घेतात, सांभाळतात आणि त्यावर भांडतात. माझं जालन्यात शेअर ब्रोकरचं ऑफिस आहे. या नऊही जणांची डीमॅट खाती माझ्याकडे. डीमॅट म्हणजे शेअर ज्या खात्यात जमा राहतात ते खातं. महिन्यातून एखादा रविवार मीही तिथं जाते. चहा चांगला असतो.

बोर्ड खरातकाकांनी आखलेला. काका जाफराबादच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. रिटायर होऊनही गाडी त्यांच्या डोक्यातून उतरलेली नाही, त्यामुळे बोर्ड थेट एसटीच्या वेळापत्रकासारखा. डावीकडे माणसांची नावं, वर कंपन्यांची. ज्याच्याकडे जी कंपनी, त्या चौकोनात निळ्या मार्करनं टिक. नियम दोन, दोन्ही काकांचेच. शेअर विकला की त्याच रविवारी टिक पुसायची. आणि ज्याची एकही टिक नाही त्यानं जिन्याजवळच्या बाकावर बसून चहा प्यावा, मत देऊ नये. स्वतः दमडी न गुंतवता फुकट टिपा वाटणारे खूप यायला लागले, तेव्हा काकांनी हा दुसरा नियम काढला होता. तेव्हापासून बाक बहुतेक रिकामाच असायचा.

आता झालं होतं असं, की पंप बनवणारी एक कंपनी सात-आठ महिने घसरत होती. ती काकांनीच सगळ्यांना दाखवलेली, म्हणून बोर्डावर नऊच्या नऊ जणांपुढे तिची टिक होती. दर रविवारी कुणीतरी विचारायचं, विकायचं का? लगेच दुसरा बोर्डाकडे बोट करायचा. "खरातकाकांची टिक हाय ना? मंग बसा गप." आणि सगळे गप बसायचे. मला या प्रकाराचा वैताग यायचा, पण ब्रोकरनं फार सल्ले दिले की लोकांना वाटतं हिला कमिशन हवंय.

"कुणाचं खातं मी असं उघडून दाखवू शकत नाही," मी कांतिलालजींना म्हणाले. "प्रत्येकाची लेखी परवानगी लागेल."

"मग घ्या ना. त्यात काय?"

तिथंच कागद फिरला. आठ सह्या पटापट झाल्या. काकांनी सगळ्यात शेवटी केली. सहीखाली सवयीनं तारीख आणि वेळ घातली.

सोमवारी मी बोर्डाचा फोटो समोर ठेवून एकेक खातं जुळवायला बसले. सात जणांचं तंतोतंत जुळलं. कांतिलालजींकडे एक कंपनी जास्तच निघाली, घेऊन विसरले होते. मग काकांचं खातं उघडलं.

शिल्लक शून्य. बोर्डावर तीन टिका, खात्यात काहीच नाही. तिन्ही कंपन्या वर्षापूर्वी एकाच दिवशी मोबाईलवरून विकलेल्या. माझ्याकडे शेकडो खाती आहेत, कोण मोबाईलवरून काय विकतो हे मी रोज बघत नाही. बघायला हवं होतं का? त्या दिवशी वाटलं, हो.

आधी मला राग आला. हसनाबादच्या उपकेंद्रात सुरेखा सिस्टर म्हणून नर्स आहेत, त्याही या नऊ जणांतल्या. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी पंपाचे शेअर विकायचे म्हणून त्यांनी मला दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा शेवटी म्हणाल्या, "थांबते मॅडम. काका थांबलेत ना." आणि काका मुळात तिथं नव्हतेच.

मी काकांना फोन लावला. "काका, रिपोर्ट तयार आहे."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "सगळ्यांना सांगायच्या आधी एक डाव घरी या."

मी जाफराबादला गेले. काकांनी खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि खाली बघत बसले. तेवढ्यात काकू आतून चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्या ट्रे ठेवून परत स्वयंपाकघरात जाईपर्यंत काकांची नजर त्यांच्या पायांवरून हलली नाही.

"चालती बघा," ते हळूच म्हणाले. "दोन्ही गुडघे बदलले. दीड वर्ष भिंतीला धरून चालत होती. डॉक्टर म्हणले आता उशीर नको. मंग मी इचार केला न्हाई. एका दिवसात सगळं इकलं."

"ते बरोबरच केलंत. पण टिक का ठेवली?"

"पुसायला गेल्तो. त्याच रविवारी. डस्टर हातात घेतलं आन् कांतिलालजी म्हणले, खरात आहे तोवर चिंता नाही. माझा हात उचलला न्हाई, मॅडम. टिक पुसली की मी जाऊन बाकावर. नियम माझाच."

मी चहाचा कप उचलला.

"पण लोकाला मी फसवून राह्यलो, हे काय मला कळत न्हाई का? तीन रविवार सांगितलं, ज्याला इकायचं त्यानं इका, माझ्याकडं बघू नका. तर म्हणले, काका आपली परीक्षा घेऊन राह्यलेत."

आतून काकूंचा आवाज आला. "ताई, रविवारी सकाळी सातलाच इस्त्रीचा सदरा घालून बसतेत. गाडी नऊची. दोन तास नुसते बसून ऱ्हातेत. त्यांचं तेवढं नका तोडू."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण सिस्टरचा फोनही डोक्यात होता. मी म्हणाले, "काका, रिपोर्ट मला द्यावाच लागेल. पण रविवारी आधी तुम्ही बोला, मी नंतर."

रविवारी काका नेहमीच्या वेळेला आले. चहाच्या आधीच उभे राहिले, डस्टर घेतलं आणि आपल्या नावापुढच्या तिन्ही टिका पुसल्या. "वर्षापूर्वीच पुसायला पायजे होत्या," म्हणाले. "माझ्याकडं एक बी शेअर न्हाई. तुम्ही माझ्यामुळं थांबले, चूक माझी हाय." आणि जाऊन बाकावर बसले.

मग सुरेखा सिस्टर उठल्या. "काका, मी तुमच्याकडं बघून थांबले. पोरीच्या फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं. मला एकटीला तरी सांगायचं ना."

काकांनी हात जोडले. कारण सांगितलं नाही. ऑपरेशनचं नावसुद्धा काढलं नाही. मी तोंड उघडलं, तर माझ्याकडे बघून त्यांनी 'नको' म्हणून मान हलवली. पण कांतिलालजींचं दुकान म्हणजे अर्ध्या तालुक्याच्या बातम्या. दुपारपर्यंत सगळ्यांना गुडघे कळले होते.

त्या आठवड्यात सिस्टरसकट पाच जणांनी पंपाची कंपनी विकली. भाव पूर्वीपेक्षा बराच कमी मिळाला. ते भरून निघालं नाही आणि पुढेही निघणार नाही.

पुढचे दोन रविवार काका आलेच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात सिस्टर माझ्या ऑफिसला आल्या. "मॅडम, आपला एक शेअर दुसऱ्याच्या खात्यात टाकता येतो का? विकायचा न्हाई, नुसता द्यायचा."

येतो. एक स्लिप भरावी लागते. ज्याला द्यायचा त्याचा खाते नंबर आणि देण्याचं कारण लिहायचं. काकांचा नंबर मी देणार नव्हते, नियमात बसत नाही. सिस्टरनी माझ्यासमोरच काकूंना फोन लावला. काकूंनी जुन्या स्टेटमेंटवरचे सोळाच्या सोळा आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले. कारणाच्या जागी सिस्टरनी लिहिलं, भेट.

"तुमचा राग गेला?" मी विचारलं.

"राग हाय की," त्या म्हणाल्या. "म्हणून एकच देऊन राह्यले."

दोन दिवसांत बाकी सात जणही येऊन गेले. प्रत्येकानं आपल्या आवडत्या कंपनीचा एकेक शेअर दिला, आठही कंपन्या वेगवेगळ्या. कांतिलालजींनी दिलेल्या शेअरची किंमत ट्रान्सफरच्या खर्चापेक्षा कमी होती. मी ते दाखवलं, तर म्हणाले, "धंद्यात एखादा सौदा घाट्याचा चालतो, मॅडम."

शुक्रवारी काकांचा फोन आला. घाबरले होते. "मॅडम, सकाळपासून मोबाईलवर मेसेज येऊन राह्यलेत. माझ्या खात्यात कुणीतरी शेअर घालून राह्यलंय. फ्रॉड असंल. खातं जल्दी बंद करा."

मी त्यांना आठ नावं वाचून दाखवली. सिस्टरचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं. मग पलीकडून काकूंचं "अवो, काय झालं? रडता कशाला?" ऐकू आलं आणि फोन कट झाला.

रविवारी काका आले. आपल्या नावापुढे आठ टिका त्यांनीच केल्या. इतक्या टिका त्या बोर्डावर दुसऱ्या कुणाच्याच नाहीत. मात्र आता एक नियम वाढला आहे, तो सिस्टरनी घातला. टिकेशेजारी कारण लिहायचं, शेअर का ठेवलाय ते, आणि त्यात दुसऱ्याचं नाव चालणार नाही.

कोणाच्या खात्यात काय आहे हे मला बसल्या जागी दिसतं. आता एखादं खातं एकदम रिकामं झालं की मी फोन करते. धंद्याचं बोलणं शेवटी. आधी विचारते, घरी सगळे बरे आहेत ना?