क्राउस मेकॅनिकची सही

व्हर्लिन क्राउसचा वैमानिकांवर काडीचाही विश्वास नव्हता. नेब्रास्कातल्या त्या गवती धावपट्टीवर चाळीस वर्षं विमानं दुरुस्त करून त्याचं एक मत पक्कं झालं होतं, की ‘मी विमान आपटलं’ असं कबूल करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. म्हणून तो प्रत्येक पत्रा बोटांनी चाचपायचा.

त्या नोव्हेंबरात डीना नावाची नवशिकी पोरगी एकटीच विमान उतरवत होती. विमान दोनदा उसळलं, पुढचं चाक मोडलं आणि नाक मातीत रुतलं. पोरीचा ओठ फुटला, एवढ्यावरच निभावलं. पण तिला शिकवणारा रॉस लगेच म्हणाला, "चाकाचंच काहीतरी असणार. गेल्याच आठवड्यात व्हर्लिनने तपासणी करून सही केलीय."

व्हर्लिनचं पित्त खवळलं. "माझ्या सहीवर ढकलतोस होय रे? आडव्या वाऱ्यात पोरीला एकटीला कुणी सोडलं? तुझ्या आजोबांनी?"

"वारा नव्हताच."

"तू सांगावंस आणि मी ऐकावं."

मग तो डीनाकडे वळला. "याआधी किती वेळा आपटलंस? खरं सांग."

"एकदाही नाही, मिस्टर क्राउस."

"सगळे असंच म्हणतात."

सही खोटी ठरली तर लायसन्स जाणार, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस यायच्या आत तो पुरावा शोधायला विमानाखाली शिरला. इंजिनामागच्या पत्र्याला, जिथे चाकाचा दांडा बसतो तिथेच, दुमडल्यासारखी वळी पडली होती. ‘सापडलात बेट्यांनो,’ तो पुटपुटला. जोरात आपटल्याशिवाय अशी वळी पडत नाही.

त्याने वळीतून नख फिरवलं. आत तेलकट मळ दगडासारखा घट्ट बसला होता. निदान एका उन्हाळ्याचा तरी. म्हणजे कुणीतरी तेव्हाच आपटून गप्प बसलं होतं. आणि गेल्या आठवड्यात हाच पत्रा त्याने चाचपला होता. थंडी मरणाची होती, म्हणून हातमोजे काढले नव्हते.

तपासनीस आला, बघून म्हणाला, "पोरगी नवीन आहे. वैमानिकाची चूक, असं लिहितो."

"माझंच चुकलं असेल," डीना खालमानेने म्हणाली. रॉस बुटाने गवत उकरत राहिला. उन्हाळ्यात आपटणारा हाच, असं व्हर्लिनला अजूनही वाटत होतं, पण सिद्ध कसं करणार?

"तसं लिहू नका," तो म्हणाला. "ही वळी जुनी आहे, चाक तिच्यामुळेच कमजोर झालं होतं. आपटलं कुणी, ठाऊक नाही. पण ती न बघता सही केली मी."

"लायसन्स जाईल, क्राउस."

"माहितेय."

त्याने पाकिटातून लायसन्सचं कार्ड काढून पुढे केलं. पोरीकडे बघायची त्याला लाज वाटत होती.