पाहुण्यांना पाठवायचा फोटो

आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिली. बी.एस्सी., फिजिक्स. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते. आबा, म्हणजे वडील, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला. आई दोन म्हशी सांभाळते. पदवी हातात आली आणि नोकरी मिळाली ती एका फोटो स्टुडिओत. घेतलं होतं अल्बम जुळवायला. पण लग्नात नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर चालत नाही, म्हणून वर्षभरात मालकांनी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला.

त्या खोल्या सगळ्या सारख्याच. ठेंगणं छत, एक ट्यूब, दहा बायका. समोरून फ्लॅश मारला की नवरीचं नाक-कपाळ चकाकतं आणि मागच्या भिंतीवर तिची काळीकुट्ट सावली चिकटते. मी फ्लॅशचं डोकं छताकडे वळवायला शिकले. उजेड छताला लागून पसरतो, मग खाली येऊन चेहऱ्यावर अलगद बसतो. गालाची गोलाई, डोळ्यांतली चमक, सगळं जागच्या जागी. छत पांढरं मात्र पाहिजे. एकदा हिरव्या ऑइलपेंटच्या खोलीत मी हेच केलं, आणि हळद लागलेली नवरी कैरीसारखी निघाली. मालक म्हणाले, "शिकल्याली माणसं अशीच फसत्यात."

तरी काम मला आवडायचं. स्वतःचा कॅमेरा घ्यायचा, स्वतःची कामं धरायची, एवढंच डोक्यात. तेवढ्यात घरात माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालं.

बायोडेटाला लावलेला फोटो मालकांनी काढला होता. समोरून फ्लॅश, वर कॉम्प्युटरवर गोरेपणाचा आणखी एक हात. मी सावळी आहे. तीनदा पाहुणे आले, पोहे खाल्ले, माझ्याकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं, आणि परतीच्या वाटेवरूनच मध्यस्थांना कळवलं, नको. आई रडायची. मला अपमान वाटायचा आणि, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटायचं. पण त्या फोटोवर पाहुणे येतच राहिले असते. पुन्हा साडी, पुन्हा पोहे, पुन्हा "जरा चालून दाखव." म्हणून मी ठरवलं, फोटो खरा द्यायचा. सावळी मुलगी फोटोतच दिसली की कुणी दारात येणार नाही. कॅमेऱ्याचे पैसे साठवायला सहा महिने तरी मिळतील.

आई म्हणाली, "काळी दिसशील."

"हाय तशी दिसू दे की."

"लई शिकलीस बाई."

आमचं छप्पर पत्र्याचं, धुरानं काळवंडलेलं. त्यावर उजेड मारून काय परत येणार? आबा पहिल्या पाळीवरून आले, त्यांना कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर उभं केलं आणि पांढरी चादर दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला दिली. फ्लॅशचं तोंड चादरीकडे केलं, टायमर लावला.

"पावणं येणार तुला बघायला, आन् चादर मी धरायची व्हय?"

"जरा वर धरा, आबा."

"आणि किती वर? पत्र्याला डोस्कं लागलं की."

पहिल्या फोटोत चादर वाकडी झाली. अर्धा चेहरा अंधारात, मान आखडलेली. मला पाहिजे तसाच वाईट फोटो. तिथंच थांबायला हवं होतं. पण आपल्या हातचं असलं काम बाहेर जावं, हे मला सोसेना. चादर तिरकी करायला सांगितली. स्टूल थोडं सरकवलं. सहाव्या खेपेला आबा म्हणाले, "आता हात गळून पडंल माझा," मला हसू आलं आणि नेमकं तेव्हाच टायमर संपून फ्लॅश पडला.

रंग माझाच होता, तंतोतंत. पण त्या रंगाला उजेड असा लागला होता की मीच बघत राहिले. आईनं पदरानं स्क्रीन पुसली, आणि तोच फोटो मध्यस्थांना पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. कोडोलीचे पाहुणे. फोटो पसंत हाय, रविवारी येतो.

आता "फोटोत वेगळी दिसत होती" म्हणून उठून जायला कुणाला जागा नव्हती. मला तर नव्हतीच. माणसं चांगली, मुलगा डेअरीत नोकरीला. "मला नको" एवढं मी मनात रोज म्हणत होते, पण आई म्हशींची धार काढतानाही गुणगुणत होती, आणि "का नको?" याचं उत्तर तिला पटेल असं मला एकही सापडेना.

रविवारी मुलाच्या आईनं मला समोर बसवून निरखलं. "फोटोत हाय तशीच हाय की पोरगी. न्हायतर हल्ली काय, फोटोत एक आन् घरात दुसरीच." मुलगा सतरंजीकडे बघत होता. त्या म्हणाल्या, "कुठल्या स्टुडिओत काढला?"

"मीच काढलाय." गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच बोलले. "माझं कामच ते. लग्नांचे फोटो काढते मी."

"बरं झालं की मग. बारसं, डोहाळजेवण, घरातल्या कार्यक्रमाला भाईरचा माणूस सांगाय नको."

सगळे हसले. आबाही हसले. आईनं डोळ्यांनीच बश्या उचलायची खूण केली. मी उठले, एकेक बशी गोळा करत गेले.