नाव पुकारलं नाही

मास्तरांनी फळ्यावर इंग्रजीत वाक्य लिहिलं. ‘हर फादर आर अ सिंगर.’ तिचा बाप गवई आहे, असं.

“ओळखा चूक,” म्हणाले.

अक्कासाहेब म्हणाल्या, “आर नको. इज पाहिजे. बाप एकच आहे.”

“शाबास. पण यात अजून एक चूक आहे. ती कोण सांगतं?”

मी वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मला काही दिसेना. मास्तर माझ्याकडे वळले. “तू सांग. तुला तर दिसायलाच हवी.”

मी उंबऱ्याबाहेर बसायची. तिथून म्हटलं, “नाही दिसत.”

मास्तरांनी ओल्या फडक्यानं फादर पुसलं. तिथं मदर लिहिलं. “आता झालं बरोबर. गाते ती आई. बापाचा पत्ता कोणाला?”

अक्कासाहेबांच्या दोघी नणंदा पदर तोंडावर घेऊन हसल्या. मास्तर स्वतःही हसले. अक्कासाहेब हसल्या नाहीत. पण बोलल्याही नाहीत. पाटीकडे बघत राहिल्या. बरेच दिवस मी त्या गप्प बसण्याला माया समजत होते. आता समजत नाही.

मी उठले नाही. तेव्हा उठता आलं नाही. मास्तरांनी पुढचं वाक्य लिहिलं आणि मी ते पाटीवर उतरवून घेतलं. अक्षर नीट काढलं.

मी माळव्यातल्या धारेची. माझी आई दरबारात गायची. कलावंतीण. तिची आई दख्खनेतून पवारांच्या लवाजम्याबरोबर आलेली. माळव्यात आईला जिजी म्हणतात, मीही जिजीच म्हणायची. आमच्या घरात मुलगी झाली की पेढे वाटत. का, ते सांगायला नको. मी झाले तेव्हाही वाटले. पण मला गळा नव्हता. तंबोरा लावून जिजीनं वर्षभर मला बसवली आणि एक दिवस गवसणी घालून तंबोरा ठेवून दिला. म्हणाली, “देवानं बरंच केलं म्हणायचं.”

माझा बाप कोण, ते धारेत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या उंबऱ्याबाहेर मी बसायची, ते घर त्याचंच. दरबारचे कारभारी. हसल्या त्या दोघी त्याच्या मुली. अक्कासाहेब त्याची विधवा सून. मास्तरांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ते वाक्य.

अक्कासाहेबांचा नवरा प्लेगात गेला. सासऱ्यानं सुधारणा म्हणून सुनेचे केस राखले, पुण्याकडचे मास्तर आणून तिला इंग्रजी सुरू केलं. जिजीनं निरोप धाडला, माझीही पोर बसू दे. उत्तर आलं, उंबऱ्यापाशी बसेल. बापानं मला दिलं ते एवढंच. मीही घेतलं. फुकटचं अन्न घेतात तसं, मान खाली घालून.

तेव्हा देवासला मुलींची शाळा निघत होती. तिथं शिकवायला इंग्रजी येणाऱ्या बाया पाहिजे होत्या, आणि त्यांची परीक्षा होणार होती. आधी लेखी, मग तोंडी. लेखीत चुकीची वाक्यं द्यायची आणि चूक ओळखून सुधारून मागायची, अशी तेव्हाची पद्धत. मास्तर म्हणायचे, इंग्रजी बोलता कोणालाही येईल, चूक दिसली पाहिजे. अक्कासाहेब बसणार होत्या. मीही बसेन म्हटलं. मास्तर हसून म्हणाले, बस की, सोबत होईल त्यांना.

मला मात्र ती परीक्षा हवी होती. जिजीचा आवाज फाटायला लागला होता. वरच्या सुराला ती खोकायची, आणि बैठकीतले लोक पान जमवायला लागायचे. कुक्षीकडच्या एका ठाकुराचा निरोप घेऊन माणूस दोनदा येऊन गेला होता. माझ्यासाठी. जिजीनं हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. मी इंग्रजी घोकत असले की ती लांबून बघत बसायची.

एकदा मी तिला म्हटलं, “वाचून दाखवू?”

“मला काय कळायचं त्यातलं? तुझं तुलाच करायचंय ते.”

खरंच होतं. आमच्या कलावंतिणींच्या गल्लीत इंग्रजीचं अक्षर कोणाला येत नव्हतं. गल्लीतल्या पोरी मला मडम म्हणून चिडवायच्या आणि मी आले की बोलणं थांबवायच्या. कारभाऱ्यांच्या घरी ज्यांना इंग्रजी येत होतं, ते माझ्याशी बोलत नव्हते. मी विहिरीवर कळशी भरता भरता स्वतःलाच विचारायची, हे वाक्य बरोबर की चूक? आणि मीच उत्तर द्यायची. चुकलं तर सांगायलाही कोणी नाही. भाषा शिकले, पण ती बोलायला माणूस नाही. असं एकटेपण मी त्याआधी कधी भोगलं नव्हतं.

देवासला निघालो. पुढच्या गाडीत अक्कासाहेब, त्यांची मोलकरीण आणि मास्तर. मागच्या गाडीत गाद्या, भांड्यांची पेटी आणि मी. इंदूरला मुक्काम झाला तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. मी गाडीखाली झोपले. गाडीवान भला माणूस. त्यानं बैलाची झूल झटकून दिली. म्हणाला, “बईजी, थंड हे.” एवढंच बोलणं झालं त्या सगळ्या वाटेत.

देवासला दोन राजे. थोरली पाती, धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एकाचं राज्य, त्या बाजूला दुसऱ्याचं. इंग्रजीत त्यांना सीनियर, जुनियर म्हणत. आणि लेखी परीक्षेत पहिलंच वाक्य आलं, ‘ही इज सीनियर दॅन मी.’ मला हसू आलं. बाजूला बघितलं, कोणाला तरी सांगावं म्हणून. बाजूला भिंत होती. मला शेवटी, कोपऱ्यात बसवलं होतं. मी दॅन खोडलं, टू लिहिलं.

पेपर चांगला गेला. सगळा नाही. गुरं चरतात अशा अर्थाचं एक वाक्य होतं, ‘द कॅटल इज ग्रेझिंग.’ मी ते बरोबर म्हणून सोडून दिलं. मला वाटलं, दिसतंय ते एकच, कळप एकच. तिथं आर पाहिजे होतं. चुकलं ते चुकलं.

दुपारी तोंडी परीक्षा. कचेरीच्या ओसरीत आम्ही सगळ्या बसलो. मिशनच्या ख्रिस्ती मुली होत्या, इंदूरच्या दोन विधवा, अक्कासाहेब. एक कारकून नाव-गाव विचारून लिहून घेत होता. त्याआधी मास्तर मला बाजूला घेऊन गेले. पहिल्यांदाच ते माझ्याशी हळू आवाजात बोलले.

“हे बघ. वडिलांचं नाव विचारतील. गोविंद म्हणून सांग. वारले म्हण. गाव दख्खनेतलं कुठलंही सांग.”

“का?”

“का म्हणजे? खरं सांगणार आहेस? कारभाऱ्यांची अब्रू आहे. अक्कासाहेबांचं काम व्हायचंय. तुझंही होईल कदाचित. एक नाव तर सांगायचंय.”

मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं मी मानलं.

कारभाऱ्यांचं नाव मी घेणार नव्हतेच. ते नाव मला कधी कोणी दिलंच नव्हतं. पण त्या गोविंदाचा विचार करत मी रांगेत उभी होते. कोण हा गोविंद? मला मांडीवर घेऊन बसणारी, तापात माझ्या डोक्यावर पट्ट्या ठेवणारी, फाटक्या गळ्यानं लोकांच्या बैठकीत गाऊन मला पाटी घेऊन देणारी एक बाई धारेत जिवंत बसली आहे. आणि मी तिला पुसून तिथं एक मेलेला माणूस लिहायचा. मास्तरांनी फळ्यावर जे केलं होतं, तेच ते आता माझ्या हातून करून घेत होते. त्या दिवशी मी गप्प बसले होते. आणखी किती वेळा?

माझी पाळी आली.

“वडिलांचं नाव?”

“आईचं लिहा,” मी म्हटलं आणि जिजीचं नाव सांगितलं.

कारकुनानं वर बघितलं. “वडिलांचं विचारतोय.”

“ऐकलं मी. आईचं लिहा. मला तिनं वाढवलंय.”

“आई करते काय?”

“गाते. धारेच्या दरबारात.”

एक विधवा बाई होती तिथून सरकून बसली. मास्तरांचा चेहरा मी बघितला नाही. मला बघायचाच नव्हता. कारकुनानं काहीतरी लिहिलं, किंवा लिहिल्यासारखं केलं. “बसा,” म्हणाला.

मी बसले. आत काहीतरी ताठ उभं राहिलं होतं. जन्मात पहिल्यांदा.

एकेकीचं नाव पुकारलं जात होतं. मिशनच्या मुली गेल्या, हसत बाहेर आल्या. इंदूरच्या बाया गेल्या. अक्कासाहेब गेल्या, बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्यावर त्या माझ्याकडे न बघता मास्तरांबरोबर निघून गेल्या. ओसरी रिकामी होत गेली. ऊन खांबांवरून उतरून अंगणात गेलं. मी मनात उत्तरं जुळवत बसले होते. माझं नाव येईल, मग उठायचं, मग नमस्कार करायचा, मग इंग्रजीत बोलायचं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाशी इंग्रजी बोलायचं होतं मला.

शिपाई कुलूप घेऊन आला. “बईजी, सब हुई ग्यो. अबे उठो.”

“माझं नाव राहिलंय.”

“मके नी मालम. हुई ग्यो.”

तेवढ्यात परीक्षक बाहेर आले. पगडीवाले, वयस्क. मी उभी राहिले आणि इंग्रजीत म्हटलं, साहेब, माझं नाव पुकारलं नाही. वाक्य बिनचूक होतं. मला आजही माहीत आहे की बिनचूक होतं.

ते थांबले. त्यांना ऐकू गेलं. मग शिपायाला मराठीत म्हणाले, “गाडी बोलाव रे.” आणि माझ्या अंगावरून गेले. दाराच्या चौकटीवरून जावं तसे.

कोणी नाही म्हटलंच नाही मला. नापास म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, तू अमकीची म्हणून नको असंही म्हटलं नाही. शिवी दिली असती तर ती धरून भांडता आलं असतं. त्यांनी धरायला काहीच ठेवलं नाही.

संध्याकाळी धर्मशाळेत अक्कासाहेब माझ्याजवळ आल्या. त्यांचं काम झालं होतं. मुख्य बाई म्हणून.

“तू असं का केलंस? नाव सांगून मोकळी झाली असतीस.”

मी माझं गाठोडं बांधत राहिले.

“ऐक. मला तिथं एकटीला झेपायचं नाही. तू ये माझ्याबरोबर. मागच्या खोलीत बसून मुलींच्या वह्या तपास. कोणाला कळायचं नाही. तुला चुका चांगल्या दिसतात. जेवूनखाऊन राहशील.”

त्यांना वाटत होतं त्या माझं भलं करताहेत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना विचारलं, “अक्कासाहेब, मास्तरांनी फळ्यावर मदर लिहिलं, त्या दिवशी तुम्हाला ती चूक दिसली होती का?”

त्या म्हणाल्या, “जुनं कशाला काढतेस?”

“मग मला नाही यायचं.”

परतीच्या वाटेवर मागच्या गाडीत मी एकटी. टेकडीवरचं देवीचं देऊळ दिसेनासं होईपर्यंत बघत होते. रडले नाही असं नाही. रडले.

जिजीनं काही विचारलं नाही. मीच सगळं सांगितलं. आईचं नाव लिहा म्हटलं ते सांगितल्यावर ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. कुक्षीचा माणूस पुन्हा आला तेव्हा मी दारात उभी होते. त्याला म्हटलं, “मी विकायला नाही. ठाकुराला तसंच सांग, शब्द बदलू नकोस.” जिजी माझ्या मागे उभी होती. तिनं मला अडवलं नाही.

आता मी तारा वाचते. कापसाच्या व्यापाऱ्यांना इंदूरहून, मुंबईहून इंग्रजीत तारा येतात. आधी ते कचेरीतल्या कारकुनांकडे धावायचे, आता माझ्या दारात येतात. काही दार उघडं असूनही बाहेरूनच कागद आत टाकतात. त्यांचा कागद मी वाचत नाही. उचलून हातात द्या, म्हणते. देतात. भाव कळायची घाई असते.

गल्ली अजून मला मडमच म्हणते. बोलायला अजून कोणी नाही.

देवासची परीक्षा यंदा परत निघाली आहे. मी जाणार म्हटल्यावर जिजी म्हणाली, “परत? आणि त्यांनी परत तसंच केलं तर?”

तसंच करतील. मला ठाऊक आहे. पण या खेपेला मी ओसरीत वाट बघत बसणार नाही. शेवटची बाई बाहेर आली की मी आत जाईन. त्यांच्या टेबलासमोर उभी राहीन. जिजीचं नाव सांगेन आणि म्हणेन, विचारा. नाहीतर नाही म्हणा. पण माझ्या तोंडाकडे बघून, मोठ्यानं म्हणा. ते म्हटल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. पुढल्या परीक्षेला परत जाईन, त्याच्या पुढल्याही. म्हातारी होईपर्यंत जाईन. नाही म्हणायचं काम त्यांना स्वतःच्या तोंडानं करावं लागेल, दर वेळी.